दारं बंद असताना माणसं जोडून ठेवायची रीत

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून कोविडमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. गुढ्या उभ्या राहिल्या, पण शेजारच्या घरी श्रीखंडाची वाटी गेली नाही. पुढच्या दीड-दोन वर्षांत एकाच नियमाची दोन रूपं आपण पाहिली. काही चाळींत अंतरही पाळलं गेलं आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांना दोन वेळचं जेवणही वेळेवर पोचलं. काही सोसायट्यांत मात्र रात्रपाळी करून आलेल्या नर्सला फाटकावर अडवलं आणि आजारी घराकडे बोटं दाखवली गेली. दोन्हीकडची माणसं सारखीच होती. एकीकडे कोणीतरी बसून कामं वाटून दिली होती, दुसरीकडे सगळं भीतीवर सोडलं होतं.

अशी वेळ पुन्हा येऊ शकते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातल्या शाळा आणि सिनेमागृहं बंद ठेवावी लागली होती. त्याच्या शंभरेक वर्षं आधी प्लेग आला की गावंच्या गावं घराला कुलूप लावून माळावर झोपड्या घालून राहत, हे अनेकांनी पणजी-आजीकडून ऐकलेलं असेल. म्हणून अंतर पाळायच्या काळात घरातलं, जिन्यातलं आणि मनातलं वातावरण कसं सांभाळावं, याची ही रीत लिहून ठेवतो आहे. सोसायटीची कमिटी असो, चाळीतलं मंडळ असो की गावातली चार पोरं, कोणालाही ती वापरता येईल.

आपुलकीकडे आपण साथीच्या काळातली चैन म्हणून पाहतो. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. आपुलकी असेल तरच अंतर नीट पाळलं जातं. १८९७ मध्ये पुण्यात रँड या इंग्रज प्लेग अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून प्लेगचे रोगी शोधले, सामान बाहेर फेकलं. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवायला लागले, आणि लपवलेला रोग घरभर झाला. त्याच वर्षी त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव प्लेगच्या रोग्यांना दवाखान्यात आणून त्यांची सेवा करत होते. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. सव्वाशे वर्षांनी धारावीत, सुमारे अडीच चौरस किलोमीटरात आठ लाखांहून जास्त माणसं राहतात अशा ठिकाणी, कोविडची साथ आटोक्यात आली. तिथे पालिकेची माणसं आणि वस्तीतलेच डॉक्टर घरोघर गेले, तपासलं, आणि विलगीकरणात नेलेल्या माणसांच्या जेवणाची सोय केली. आपल्याला कोणी टोमणा मारणार नाही आणि जेवण दाराशी येईल, याची खात्री असेल तर माणूस ताप आल्या दिवशी स्वतःच सांगतो. ती खात्री नसेल तर पॅरासिटामोल घेऊन दूध आणायला खाली उतरतो. पुढची प्रत्येक पायरी ही खात्री तयार करण्यासाठी आहे.

पहिली पायरी: नियम थोडेच ठेवा, आणि उपयोगाचेच ठेवा

साथ कोणती, ती कशातून पसरते, हे आधी डॉक्टरांकडून किंवा आरोग्य विभागाच्या पत्रकातून समजून घ्या आणि जिन्यातल्या फळ्यावर पाच-सहा ओळींत लिहा. अंतर किती, मास्क कुठे, लिफ्टमध्ये किती जण, ताप आला तर कोणाला कळवायचं, बस. २०२० च्या सुरुवातीला आपण भाजी साबणाने धुतली, वर्तमानपत्र बंद केलं, कुरिअरचा खोका दोन दिवस उन्हात ठेवला. पुढे स्पष्ट झालं की तो विषाणू मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो, वस्तूंवरून फार क्वचित. म्हणजे खिडक्या उघड्या ठेवणं महत्त्वाचं होतं, आणि गच्चीवर सहा फुटांवरून दोन म्हाताऱ्यांनी गप्पा मारायला हरकत नव्हती. बऱ्याच ठिकाणी झालं मात्र उलट. गच्चीला कुलूप लागलं आणि खिडक्या बंद राहिल्या.

निरुपयोगी नियमांची किंमत नेहमी सगळ्यात कमजोर माणूस भरतो. म्हणून प्रत्येक नियम लिहिण्याआधी विचारा: याने लागण कमी होते का, आणि याचा त्रास कोणाला होणार? दोन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय तो फळ्यावर लिहू नका. नवी माहिती आली की जुना नियम पुसून टाका, आणि पुसला हे सगळ्यांना सांगा.

दोन गोष्टी कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं होतं की कोविड रुग्णाच्या दारावर फलक चिकटवायचा नाही, सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश दिला असेल तरच. आणि साथरोग कायद्यात २०२० मध्येच बदल होऊन साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांना त्रास देणं, त्यांना राहत्या जागी छळणं हा गुन्हा ठरला. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. सभेत कोणी “त्या नर्सबाईंना काही दिवस दुसरीकडे राहायला सांगा” म्हणालं, तर अध्यक्षांनी हे शांतपणे वाचून दाखवावं.

दुसरी पायरी: वही करा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक घराला एक पान. त्यावर माणसं किती, एकटं कोण राहतं, रोजची औषधं कोणती आणि ती किती तारखेपर्यंत पुरतील, डायलिसिस किंवा केमो चालू आहे का, कोणी गरोदर आहे का, जवळच्या नातेवाइकाचा नंबर, आणि खाण्यातली पथ्यं. जैन घरात कांदा-लसूण चालत नाही, मधुमेही माणसाला साबुदाण्याची खिचडी पाठवून उपयोग नाही, कोणाचा श्रावण असतो तर कोणाचे रोजे. हे आधी लिहिलेलं असलं की मदत पोचवताना कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

पानाच्या मागच्या बाजूला लिहा: हे घर काय देऊ शकतं? गाडी आहे, गाडी चालवणारा आहे, पल्स ऑक्सिमीटर आहे, बँकेचं ऑनलाइन काम येतं, दोन डबे जास्तीचे करता येतात, फोनवर गप्पा मारायला वेळ आहे. ही मागची बाजू अजिबात सोडू नका. तिच्यामुळे मदत घेणारी घरं वेगळी आणि करणारी वेगळी अशी फाळणी होत नाही.

माहिती व्हॉट्सॲपच्या गटावर विचारायची नाही. आजाराची नावं तिथे आली की ती परत घेता येत नाहीत. एकेकाला फोन करा. वही एका विश्वासू माणसाकडे ठेवा आणि आठ-दहा घरांमागे एक जण नेमा. नेमलेल्या माणसाचं नाव फळ्यावर हवं. “काही लागलं तर सांगा” हे वाक्य आपण सगळे मनापासून म्हणतो, पण ते ऐकून सहसा कोणी काही मागत नाही. “तुमच्या मजल्याचं मी बघतो, औषधं मंगळवारी आणि शुक्रवारी आणतो” असं म्हटलं की माणूस चिठ्ठी पुढे करतो.

तिसरी पायरी: रोजचा फोन

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात मोलाची आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो.

एकट्या माणसाला रोज ठरलेल्या वेळी एक फोन गेला पाहिजे. वेळ ठरलेली हवी, कारण अकराचा फोन येणार म्हणून माणूस साडेदहाला आंघोळ उरकून बसतो. “कशा आहात?” हा प्रश्न टाळा, त्याला “बरी आहे” याशिवाय उत्तर नसतं. जेवणाचं विचारा.

“काकू, मंदार बोलतोय. आज काय केलंत जेवायला?”

“काही नाही रे, कालची खिचडी होती तीच गरम केली.”

“परवाही खिचडीच म्हणालात. भाजी संपलीय का?”

“संपली नाही, पण एकटीसाठी कोण निवडत आणि चिरत बसणार?”

“मग उद्या आईला भाजी जास्त टाकायला सांगतो, साडेअकराला दाराशी ठेवीन. आणि काकू, आईला तुमच्या कैरीच्या लोणच्याचं प्रमाण हवंय. तिला फोन करून सांगाल का?”

या चार वाक्यांत बरंच कळतं. तीन दिवस सलग खिचडी म्हणजे पैसे नाहीत, भाजी नाही, की उभं राहायची ताकद आणि इच्छा नाही, हे पुढच्या एका प्रश्नात उलगडतं. शेवटचा प्रश्न तर सगळ्यात जास्त काम करतो. नुसतं घेत राहिलेलं माणूस हळूहळू मिटत जातं. त्याच्याकडून काहीतरी मागा. निवृत्त शिक्षकांकडे दोन मुलांचे पाढे फोनवर म्हणून घ्यायचं काम द्या. ज्यांना ओव्या, हरिपाठ, गावाकडच्या गोष्टी येतात, त्यांना संध्याकाळी मुलांसाठी वीस मिनिटं द्या. शिवणकाम येणाऱ्यांना मास्क शिवायला द्या. जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर नेटवर्क नव्हतं तेव्हा भोंगा लावून मुलांना धडे ऐकवले गेले. आपल्याकडे तर फोन आहे.

ऐकू कमी येणाऱ्या माणसांचं काय? त्यांच्यासाठी दारासमोर उभं राहून मोठ्याने बोलणं किंवा चिठ्ठी, दोन्ही चालतं. चिठ्ठी मोठ्या अक्षरात, काळ्या शाईने लिहा. फोन दोनदा उचलला गेला नाही तर काय करायचं, हेही आधीच ठरवा: दार वाजवायचं, मग नातेवाइकाला कळवायचं, जादा किल्ली कोणाकडे आहे ते वहीत असलं पाहिजे.

चौथी पायरी: दाराशी डबा कसा द्यायचा

आजारी घराच्या बाहेर एक स्टूल कायमचं ठेवा. डबा स्टुलावर ठेवायचा, बेल वाजवायची आणि जिन्याच्या तोंडाशी मागे व्हायचं. लगेच निघून जाऊ नका. दार उघडेपर्यंत थांबा, चेहरा दिसू द्या, दोन वाक्यं बोला. “मुगाची खिचडी आहे, लिंबू वेगळं दिलंय. रात्री ताप किती होता?” दिवसभर खोलीत एकट्या असलेल्या माणसाला समोरचा चेहराच मोठा आधार असतो. वाड्यांत आणि जुन्या चाळींत अजून गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची पद्धत आहे, तीही उत्तम. वर पाहून बोलणं आपोआप होतं.

चव आणि वास गेलेल्या माणसाला जेवण नकोसं होतं. त्याला घट्ट आमटीपेक्षा मऊ भात, ताक, लिंबू, चटकदार लोणच्याची फोड असं काही दिलं तर दोन घास जास्त जातात. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळे अंगात ताप असताना एखादी बाई शिरा करायला उठते. पहिल्याच दिवशी सांगून टाका: डबे आमच्याकडे खूप आहेत, बरं वाटल्यावर एकदम द्या.

पाचवी पायरी: घरातच एक माणूस वेगळं ठेवायचं असेल तर

तीन खोल्यांच्या घरात हे सोपं असतं. वन रूम किचनमध्ये खरा प्रश्न येतो. खिडकीजवळची जागा आजारी माणसाला द्या, कारण हवा बाहेर जायला हवी. पंख्याचा झोत त्याच्याकडून इतरांकडे येणार नाही असं पाहा. दोघांनीही मास्क लावा. संडास-मोरी त्याने शेवटी वापरावी आणि मग खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ जाऊ द्यावा. सार्वजनिक संडास असेल तर मंडळाने बाधित घरांसाठी वेगळी वेळ ठरवावी, आणि ती वेळ फळ्यावर जाहीर न करता त्या घरांनाच सांगावी. अजिबात जमत नसेल तर पालिकेच्या केंद्रात जाणं हा चांगला पर्याय आहे. तसं जाणाऱ्या माणसाची पिशवी घरच्यांनी प्रेमाने भरावी: चार्जर, चष्मा, औषधं, सुके खजूर, आणि लहान मुलाने काढलेलं एखादं चित्र.

आजारी माणसाने ताप, ऑक्सिजन आणि खाल्लेलं एका कागदावर दिवसातून तीनदा लिहावं. त्यामुळे डॉक्टरांना सांगणं सोपं जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाली आलेला ताप स्वतःच्या अक्षरात दिसतो. तो धीर दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने येत नाही. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, धाप लागली, छातीत दुखलं, माणूस असंबद्ध बोलायला लागलं, ओठ निळसर दिसले, तर वाट पाहायची नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सहावी पायरी: बातम्या आणि फॉरवर्ड

बातम्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, बाकी वेळ टीव्हीवर दुसरं काही. झोपण्यापूर्वी तर नकोच.

एप्रिल २०२१ मध्ये बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरचे नंबर हजारो गटांतून फिरत होते, आणि त्यातले कित्येक लागतच नव्हते. ज्याचा बाप घुसमटतोय त्या मुलाने असे वीस नंबर फिरवायचे, यासारखी क्रूर गोष्ट नाही, आणि ती पाठवणाऱ्यांच्या चांगुलपणातूनच झाली. म्हणून गटाचा एक पक्का नियम करा: स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय नंबर पुढे पाठवायचा नाही, आणि पाठवताना खाली लिहायचं, ‘१४ तारखेला दुपारी ३ वाजता फोन लागला, अमुक उपलब्ध होतं’. मिळालं किंवा संपलं की तो संदेश काढून टाकायचा. दोन तरुणांना फक्त हेच काम द्या. कोणत्या गल्लीत, कोणत्या धर्माच्या, कोणत्या प्रांताच्या माणसांमुळे साथ आली अशा संदेशांना गटात जागा नाही, हे ॲडमिनने पहिल्याच वेळी स्पष्ट सांगावं. पहिल्याला सोडलं की दहावा अडवता येत नाही.

सातवी पायरी: ज्यांना घरी बसणं परवडत नाही

घरकाम करणाऱ्या मावशींना यायला आपणच बंदी घातली असेल, तर त्यांचा पगार चालू राहिला पाहिजे. ही देणगी नाही, म्हणून ती देताना आवाजात उपकार येऊ देऊ नका. महिन्याच्या त्याच तारखेला, तेवढीच रक्कम, जमत असेल तर आगाऊ. सगळ्या इमारतीने एकत्र ठरवलं तर एखादं घर मागे राहत नाही. आणि ज्या घराचीच नोकरी गेली आहे, त्याचा वाटा बाकीच्यांनी न बोलता उचलावा.

वॉचमन साथीतही रोज जिन्याखाली असतो आणि सगळ्यांच्या संपर्कात येतो. त्याला मास्क, गरम पाणी, संडासाची किल्ली, रात्री झोपायची कोरडी जागा आहे का, ते बघा. भाड्याने राहणारी, परप्रांतातून आलेली मुलं, बांधकामावरची कुटुंबं यांची नावं वहीत नसतात, ती घाला. मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं आपण पाहिली. त्यातल्या अनेकांच्या घरमालकाने महिनाभर भाडं थांबवलं असतं आणि कोणी शिधा दिला असता, तर ती थांबली असती. शिवभोजन थाळी तेव्हा दहाची पाच रुपयांना झाली आणि पुढच्या वर्षी काही काळ मोफतही मिळाली. अशी केंद्रं आपल्या भागात कुठे आहेत ते फाटकावर लिहून ठेवा.

शिधा देताना फोटो काढू नका. हिशोबासाठी दुकानाची पावती पुरते.

आठवी पायरी: घरातल्या घरात

सगळे चोवीस तास घरात म्हणजे चहा सहा वेळा, भांडी चार वेळा, आणि हे बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडतं. तिची चिडचिड स्वभावातून आलेली नसते, कामातून आलेली असते. कामं कागदावर वाटा आणि कागद फ्रीजवर लावा. दुपारी एक तास घरात कोणी कोणाला हाक मारायची नाही, असा नियम लहान घरात फार उपयोगी पडतो.

काही घरांत मात्र बंद दाराआड मारहाण होते. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे अशा तक्रारी वाढल्या होत्या. शेजाऱ्यांनी काय करावं? आरडाओरडा ऐकू आला तर बेल वाजवून साखर मागा, पार्सल आलंय का विचारा. तेवढ्याने तो क्षण मोडतो. भांडणात शिरू नका, नवऱ्याला तिच्यासमोर जाब विचारू नका. त्याचा राग नंतर तिच्यावरच निघतो. ती एकटी भेटेल तेव्हा महिलांसाठीचा १८१ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर सांगा. जीव धोक्यात वाटला तर तुम्हीच ११२ ला फोन करा. मुलांसाठी १०९८ आहे.

नववी पायरी: आशा शेवटच्या तारखेवर टांगू नका

२०२० मध्ये आधी २१ दिवस होते. मग १४ एप्रिलनंतर ३ मे झाली, मग १७ मे, मग ३१ मे. ज्यांनी प्रत्येक तारखेकडे डोळे लावले, ते प्रत्येक वेळी नव्याने खचले. साथ कधी संपणार हे आपल्या हातात नाही. येत्या रविवारी काय करायचं ते आहे. म्हणून आठवड्याची एक पाटी करा आणि तिच्यावर पुढच्या सात दिवसांत पुरं होणारं काहीतरी लिहा. पसरट भांड्यात माती घालून मेथी पेरली तर तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि पंधरा-वीस दिवसांत कोवळी पानं खुडता येतात. जुने फोटो वर्षांप्रमाणे लावणं, आजीकडून नातेवाइकांची वंशावळ लिहून घेणं, मोडलेला स्टोव्ह दुरुस्त करणं, काहीही चालेल. फक्त पुरं होणारं हवं.

सण रद्द करू नका, लहान करा. त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही; ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसोबत एसटीने पंढरपूरला गेल्या. शतकानुशतकांची परंपरा असलेल्या वारकऱ्यांनी हे स्वीकारलं आणि घरी बसून हरिपाठ म्हटला. लालबागचा राजा मंडळाने गणेशोत्सवाऐवजी आरोग्योत्सव करून रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवून आणलं. भीमजयंती लोकांनी घरात वाचन करून साजरी केली, रमजानची नमाज घरोघरी झाली. आपल्या इमारतीतही प्रत्येक सणाला विचारा: यातला गाभा कोणता आणि तो गॅलरीतून किंवा फोनवरून होतो का? आरती होते. वाचन होतं. हळदीकुंकवाचं वाण दाराच्या कडीला अडकवता येतं.

दहावी पायरी: घरात मृत्यू झाला आणि जाता आलं नाही तर

त्या काळात अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, कित्येकांना तीही मिळाली नाही. कोणी शेवटचं तोंड पाहिलं नाही, कोणाला अस्थीच हातात मिळाल्या. हे दुःख साचून राहतं, म्हणून इथे नुसत्या संदेशावर भागवू नका.

घरातल्या एका जवळच्या माणसाने, शक्यतो चुलत किंवा मावस नात्यातल्या, सगळे फोन स्वतःकडे घ्यावेत. बायकोला किंवा मुलाला ‘कसं झालं, कुठला बेड होता, आधी का नेलं नाही’ हे वीस वेळा सांगावं लागू नये. तुम्ही फोन कराल तेव्हा कारणं विचारू नका. गेलेल्या माणसाची एखादी ठोस आठवण सांगा: “भाऊंनी माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा आणला होता.” मग गप्प राहा, समोरच्याला रडू द्या, फोन लवकर ठेवू नका.

सुतकात घरी चूल पेटवायची नसते, शेजारी पिठलं-भात पाठवतात. ही जुनी रीत साथीतही मोडायचं कारण नाही, स्टूल आहेच. तेराव्यापर्यंतचे डबे वहीत वाटून घ्या. दहाव्या-बाराव्या दिवशी फोनवर किंवा व्हिडिओवर सगळ्यांनी एकत्र येऊन आठवणी सांगाव्यात, आणि कोणीतरी त्या लिहून काढून घरच्यांना द्याव्यात. आणि निर्बंध उठल्यावर, कितीही महिने गेले तरी, प्रत्यक्ष भेटायला जा. उशीर झाला म्हणून संकोच करू नका.

अकरावी पायरी: मदत करणाऱ्याचं मन

रोज फोन करणारी, डबे पोचवणारी, बेड शोधणारी माणसंही थकतात. प्रत्येकाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी, आणि त्या दिवशी त्याच्या घरांचं काम दुसऱ्याकडे. वाईट बातमी ऐकलेल्या माणसाला त्या रात्री कोणीतरी फोन करावा.

झोप उडाली, जेवण जात नाही, काही करावंसं वाटत नाही, उगाच छाती धडधडते, असं दोन आठवडे चाललं तर बोलायला हवं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. कोणी ‘आता जगून काय करायचं’ म्हणालं, तर विषय बदलू नका. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार बळावत नाही. मग त्याला एकटं न सोडता, त्याच्यासोबतच तो नंबर लावा.

शेवटची पायरी: उघडताना

निर्बंध उठले की सगळे एका दिवसात आपापल्या कामाला लागतात आणि रोजचे फोन अचानक थांबतात. एकट्या माणसाला हा धक्का टाळेबंदीपेक्षा मोठा वाटू शकतो. फोन रोजचे दिवसाआड करा, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा. बरीच वर्षं बाहेर न पडल्यासारखे घाबरलेले आजोबा असतील तर पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत, दुसऱ्या दिवशी वाण्यापर्यंत त्यांच्यासोबत चाला. मुलांनाही शाळेच्या पहिल्या आठवड्यात पोटात दुखतं; रागावू नका. ज्यांना अजून मास्क लावायचा आहे त्यांना हसू नका, त्यांच्या घरात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं.

वहीतली आजारांची पानं फाडून नष्ट करा. ती माहिती विश्वासाने दिलेली होती. नातेवाइकांचे नंबर आणि मागच्या बाजूची ‘काय देऊ शकतो’ ही यादी मात्र नव्या वहीत उतरवून घ्या. जादा किल्ल्या ज्याच्या त्याला परत करा. उरलेल्या पैशांचा हिशोब फळ्यावर लावा. ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर कोणाकडे ठेवलेत ते लिहा, आणि त्यातले सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच गळतात आणि पुढच्या वेळी यंत्र चालत नाही.